तांबडी माती, तांबडं माणिक

आईच्या अंगठीतला खडा हलायला लागला होता. अंगठी मूळची आजीची. आजी गेल्यावर ती आईकडे आली, आणि आई ती फक्त लग्नकार्याला घालायची, एरवी कपाटात कुंकवाच्या डबीशेजारी पडून असायची. कोंदण आवळून घ्यायला म्हणून आम्ही दोघी बेळगावच्या शहापुरात नेहमीच्या सराफाकडे गेलो. म्हातारा माणूस, तीन पिढ्यांची ओळख. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, खडा उजेडात इकडं तिकडं फिरवला आणि एवढ्याशा कामाला नको तेवढा वेळ घेतला. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, “ताई, हे माणिक खाणीतलं नव्हे हं. भट्टीतलं आहे. जुनं आहे, घडणावळ पण छान आहे, पण मोल करायचं झालं तर सोन्याचंच करायचं.” आई “बरं” म्हणाली, कोंदण आवळून घेतलं, पैसे दिले आणि माझ्या मागं स्कूटीवर बसली. गोवावेसच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पाठीमागून हळूच म्हणाली, “मग इतकी वर्षं आजी काय सांभाळत होती गं?”

मी फिजिक्स शिकवते, पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला. मला त्या क्षणी किती काय सांगायचं होतं. पण सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि तसंही ते स्कूटीवर बसून सांगण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर आईनं अंगठी परत डबीशेजारी ठेवली आणि कुकर लावला. विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

रात्री मी ती अंगठी काढली आणि लॅबमधून आणलेल्या भिंगाखाली धरली, मोबाईलचा टॉर्च खालून लावून. सराफानं काय बघितलं ते पाच मिनिटांत मलाही दिसलं. खड्याच्या आत अगदी बारीक, वाकड्या रेषा होत्या, एकाच दिशेनं वळलेल्या, एकापाठोपाठ एक. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा असतात त्या सरळ असतात, कोनात मोडतात, कारण तो स्फटिक जमिनीच्या पोटात आपल्या पैलूंनी सावकाश वाढलेला असतो. वाकडी रेष दिसली की समजायचं, हा थेंबाथेंबानं वितळून साठलाय. शिवाय कडेला एक गोल बुडबुडा होता, सुईच्या टोकाएवढा पण नाही. त्या बुडबुड्यात आजीच्या लग्नाच्याही आधीची हवा अडकलेली आहे असं मनात आलं आणि मी बराच वेळ नुसती बघतच बसले.

ही पद्धत ऑग्युस्त व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाची, त्यानं ती १९०२ साली जगापुढं मांडली. पांढरी शुभ्र अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पावडर घ्यायची, त्यात चिमूटभर क्रोमियमचं ऑक्साइड मिसळायचं, आणि ती चाळणीच्या डब्यात घालून वरनं एक छोटा हातोडा ठकठक मारत राहायचा. प्रत्येक ठोक्याला थोडी पावडर खाली पडते ती हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून, तिथं २००० अंशाच्या वर उष्णता, कण वितळतात आणि खाली फिरणाऱ्या दांड्याच्या टोकावर जाऊन बसतात, बसल्या बसल्या थिजतात. काही तासांत बोटाएवढा लालभडक गोळा तयार. हिरा म्हणून काचेचा तुकडा खपवतात तसली ही नक्कल नव्हे. अणू तेच, रचना तीच, कडकपणा तोच. एवढ्याशा वर्षांत जगभरच्या सराफी पेढ्यांवर हे खडे लाखो कॅरेटनं पोचले होते, त्यातलाच एक खानापूरला लाकडाच्या वखारीत कारकून असलेल्या आमच्या आजोबांपर्यंत आला असणार.

पण मला सारखी आठवत होती ती पांढरी पावडर. कारण ती पावडर मी लहानपणी पाहिलेली आहे.

मामा इंडालला होता, म्हणजे इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीत. आता कंपनीचं नाव बदललं तरी आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ते इंडालच, यमनापूरचा कारखाना. मामाची शिफ्ट संपून तो घरी यायचा तेव्हा बुटांच्या कडांना तांबडा चिखल वाळलेला असायचा आणि शर्टाच्या बाहीच्या घडीत पिठासारखं पांढरं काहीतरी. मामी बूट उंबऱ्याच्या आत आणू द्यायची नाही. मी त्याला विचारलं होतं, एकाच कारखान्यात दोन रंग कसे काय, तर तो म्हणाला, “तांबडं आत जातं, पांढरं भायेर येतं. मधी आम्ही.” फिजिक्स, केमिस्ट्री सगळं शिकले तरी मातीतून अ‍ॅल्युमिना काढायच्या बायर प्रोसेसचं याच्याइतकं छोटं वर्णन मला अजून मिळालेलं नाही.

तांबडं म्हणजे बॉक्साइट. चंदगडच्या बाजूला, राधानगरीच्या डोंगरात, आमच्या खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे गेलात की जो जांभा लागतो त्याचाच सख्खा भाऊ. मूळचा काळा कातळ. त्यावर लाखो वर्षं कणकुंबीसारखा पाऊस कोसळत राहिला, ज्यांनी तो पाऊस जुलैत बघितलाय त्यांना मी वेगळं काय सांगू, आणि त्या पाण्यानं कातळातलं सिलिका, चुना, सोडियम, जे जे विरघळेल ते ते धुऊन नेलं. विरघळायला तयार नसलेली दोन द्रव्यं वर राहिली, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. लोखंड गंजून तांबडं झालं, त्यानंच सगळ्या मातीला रंग दिला. अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडला स्वतःचा रंगच नाही, त्यामुळं ते त्या तांबड्यात असूनही कुणाला दिसत नाही. आमच्या घरांचे चिरे, रस्त्याची धूळ, उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीतून येऊन रुमालावर बसणारा तो थर, सगळ्यात ते आहे. मी चंदगडच्या रस्त्यानं जाताना बॉक्साइटच्या ट्रकांमागं अडकून कितीदा चिडलेली आहे. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर पावसाळ्यानंतर जी इवली फुलं येतात ती खोदलेल्या भागात परत तशी येत नाहीत, तेही बघितलंय, आणि ते बघून वाईटच वाटतं. ही सगळी चीड आणि तो पांढरा चमत्कार एकाच ट्रकमध्ये भरलेला असतो, त्याचं काय करायचं मला कळत नाही.

कारखान्यात ते तांबडं दगडाचं पीठ कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली उकळतात. अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, लोखंड विरघळत नाही, ते लाल गाळ होऊन खाली बसतं. वरचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात आधी तयार झालेले बारीक स्फटिक बियाणं म्हणून टाकायचे, मग विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू त्यांच्यावर येऊन बसतं. ते धुऊन हजार अंशाच्या आसपास भाजलं की मामाच्या बाहीवरची पांढरी पावडर. कार्ल बायरनं हे १८८० च्या दशकाच्या शेवटी शोधलं ते भांड्यांसाठी नव्हे की विमानांसाठी नव्हे, सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून जे अ‍ॅल्युमिनियमचे क्षार लागायचे त्यांच्यासाठी. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात, कारण कापड रंगवताना तुरटी कशाला घालतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी आईला विचारून अंगठी कॉलेजात नेली. आमच्या लॅबला एक डार्करूम आहे, उजेडातले रंग सुटे करून मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरची प्रॅक्टिकल तिथं होतात, सोडियमच्या दिव्याचा तो पिवळा उजेड आणि दमट पडद्याचा वास ज्यांनी बीएस्सी केलंय त्यांच्या नाकात कायमचा बसलेला असतो. दिवा बंद केला, अंगठी काळ्या कागदावर ठेवली, आणि जांभळ्या लेसर पॉइंटरचा ठिपका खड्यावर टाकला.

खडा पेटला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडं. जांभळा उजेड आत गेला आणि आतून लाल बाहेर आला, निखाऱ्यासारखा, पूर्ण खडाभर, कोंदणाच्या कडांना सुद्धा लाली चढली. मी गणपतीच्या डेकोरेशनमधला लाल जिलेटिन पेपर डोळ्यापुढं धरला, म्हणजे जांभळं सगळं अडलं आणि नुसतं लाल उरलं. मग आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना बोलावलं, त्यांच्या बोटात खाणीतलं माणिक आहे, सर्टिफिकेटवालं, ज्योतिषानं सांगितलं म्हणून घातलेलं. त्यांच्या खड्यावर तोच ठिपका टाकला. तोही उजळला, पण मलूल, उदबत्तीच्या टोकाएवढा. दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. त्या म्हणाल्या, “माझं खोटं आहे की काय?” मी म्हटलं नाही हो, तुमचं खरंच आहे, म्हणूनच कमी पेटतंय. त्यात लोखंड आहे.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. आमच्या मातीचा लाल लोखंडाचा. माणकाचा लाल क्रोमियमचा. दोन्ही लाल, पण स्वभाव उलटा. क्रोमियम हिरवा आणि जांभळा उजेड गिळतं, थोडी ऊर्जा स्फटिकाला उष्णता म्हणून देतं आणि उरलेली पुन्हा लाल उजेड म्हणून बाहेर टाकतं. शेजारी लोखंडाचा अणू असला की तो ती ऊर्जा मधल्यामध्ये ओढून घेतो आणि नुसती उष्णता करून टाकतो, उजेड काही बाहेर येत नाही. खाणीतल्या सगळ्याच माणकांत असं होतं असं नाही, म्यानमारच्या मोगोकची माणकं संगमरवरात तयार झालेली, त्यांत लोखंड कमी, ती झक्क पेटतात. पण ज्यांत लोखंड जास्त ती मंद. आणि भट्टीतल्या खड्यात लोखंड जवळजवळ नाहीच, कारण कुठल्यातरी कारखान्यात कुणाच्या तरी मामानं ते लाल गाळात आधीच बसवून टाकलेलं असतं. मी असं म्हणत नाही की आजीच्या खड्यातली पावडर यमनापूरची, तेव्हा हा कारखानाच नव्हता. पण काम तेच. तांबडं आत, पांढरं बाहेर.

मग स्पेक्ट्रोमीटर लावला. माणकाच्या उजेडात एक नाही, दोन रेषा असतात, ६९२.९ आणि ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर, अगदी शेजारी शेजारी. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांत अंतर ०.६ नॅनोमीटरचं, ते ज्या पोरांना वेगळं करता येतं त्यांना हे अवघड नाही, फक्त एवढ्या खोल लालला आपला डोळा आंधळाच म्हणायचा, अंधारात बसून डोळे तयार होऊ द्यावे लागतात. आम्ही बसलो. शिपायानं दोनदा दार वाजवलं. आणि मग ग्रेटिंगमधून ती जोडी दिसली, केसासारखी, आजीच्या अंगठीतून निघालेली.

यातली ६९४.३ ची रेष म्हणजे साधीसुधी रेष नव्हे. १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात मालिबूच्या ह्यूज रिसर्च लॅबमध्ये थिओडोर मेमननं जगातला पहिला लेसर पेटवला तो ह्याच रेषेचा. आणि त्याचा दांडा होता माणकाचा, भट्टीतल्या माणकाचा, करंगळीच्या पेराएवढा, फिकट गुलाबी. त्यात क्रोमियम इतकं कमी की अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण तीन हजार अणूंमागं एक. दोन्ही टोकांना चांदीचा लेप, भोवती फोटोग्राफीच्या फ्लॅशचा स्प्रिंगसारखा दिवा. आइन्स्टाइननं १९१७ मध्येच कागदावर लिहून ठेवलं होतं की उत्तेजित अणूशेजारून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला तर तो अणू तसाच दुसरा कण सोडतो, त्याच दिशेनं, त्याच तालात. थिअरी होती. चाळीसएक वर्षं नव्हती ती वस्तू, जिच्यात हे घडेल. मोठमोठ्या लॅबमधल्या लोकांनी माणकाला नाकारलं होतं, कारण एका मोजमापाप्रमाणं गिळलेल्या उजेडातला जेमतेम एक टक्का माणिक परत देतं असं निघालं होतं. मेमननं ते मोजमाप स्वतः परत केलं. त्याचं उत्तर ७० टक्क्यांच्या वर आलं. त्याला कळलं की माणकात दम आहे, आणि क्रोमियमची ती उत्तेजित अवस्था तीन मिलिसेकंद टिकते, अणूच्या हिशोबात हा प्रचंड आराम आहे, तेवढ्या वेळात फ्लॅश मारून अर्ध्याहून जास्त अणू वर चढवता येतात. त्यानं चढवले. फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकानं त्याचा पेपर परत पाठवला, मग तो ऑगस्टमध्ये नेचरमध्ये छापून आला, पानभरसुद्धा नाही.

हा किस्सा मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी सांगताना मला त्या परत केलेल्या मोजमापाचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. समीकरणं सगळ्यांकडं होती. खड्याला पुन्हा हातात घेऊन विचारणारा एकच निघाला. आपल्याकडं फिजिक्स म्हटलं की पोरांना आइन्स्टाइनचे केस आठवतात, फळ्यावरची सूत्रं आठवतात. पण क्वांटमचं कुठलंही मोठं काम घ्या, त्याच्या मुळाशी कुणीतरी एक स्वच्छ पदार्थ करून ठेवलेला असतो, ज्याचं नाव बहुतेकदा कुठं येत नाही. पावडर गाळणारा, भट्टी सांभाळणारा, हातोड्याचा ठोका एकसारखा पडतोय ना हे बघणारा. मला वाटतं त्या माणसाला आपण फिजिक्समधून बाहेर ठेवलंय, आणि हे मला पटत नाही.

खडेबाजारात एक घड्याळजी बसायचे. मामाचं एचएमटी जनता घेऊन मी त्यांच्याकडं गेले होते, चावीचं घड्याळ, मामा गेल्यावर बंद पडलेलं. त्यांनी मागचं झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं आणि मलाही बघायला दिलं. पितळी चाकांच्या मधे मधे इवले इवले लाल ठिपके होते, डाळिंबाच्या रसाचे वाटावेत असे. डायलवर लिहिलेलं असतं ना सतरा ज्वेल्स, ते हे. चाकाची दांडी ज्या भोकात फिरते ते भोक माणकाचं, भट्टीतल्याच, कारण झिजत नाही. म्हणजे मामा आयुष्यभर अ‍ॅल्युमिना करत राहिला आणि मनगटावर पण तोच बांधून फिरत राहिला, त्याला हे कधी कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. मी पण नाही सांगितलं, तो होता तेव्हा मी ते घड्याळ उघडं कधी बघितलंच नव्हतं.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये पदार्थ दाबून पृथ्वीच्या पोटातल्यासारखा दाब तयार करणारे लोक आजही त्या पदार्थाशेजारी माणकाचा एक कण ठेवतात. दाब वाढला की ती ६९४ ची रेष सरकते, सुरुवातीला दर गिगापास्कलला साधारण ०.३६५ नॅनोमीटर, म्हणजे साधारण दहा हजार पट हवेच्या दाबाला एवढुसं. १९७२ च्या सुमाराला अमेरिकेत हे सुरू झालं. रेष किती सरकली ते बघायचं आणि दाब किती ते सांगायचं. कुठंही वायर न लावता.

रंगच न मिसळलेला अ‍ॅल्युमिना स्फटिक केला की पाण्यासारखा पारदर्शक सफायर. आणि तुमच्या माझ्या घरातला एलईडी बल्ब? त्यातली निळी चिप बहुतेक वेळा ह्याच सफायरच्या पातळ चकतीवर वाढवलेली असते. गॅलियम नायट्राइड आणि सफायर यांची अणूंची घडी जुळत नाही, जवळजवळ सोळा टक्क्यांची तफावत, त्यामुळं वाढवायला गेलं की थर तडकायचा. १९८६ मध्ये जपानमध्ये अकासाकी आणि अमानो यांनी मधे अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ अस्तर घातला आणि थर नीट बसला. पुढं नाकामुरांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा दिवा करून दाखवला. तिघांना २०१४ चं नोबेल. त्या निळ्यावर जी पिवळी पूड लावून पांढरा उजेड करतात ती पण यिट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेट, आणि बल्बच्या आत उष्णता खेचणारी वाटी पण अ‍ॅल्युमिनियमचीच. आमच्या गल्लीतला पिवळा सोडियमचा दिवा काढून एलईडी लावला तेव्हा मला तो पिवळा उजेड गेल्याचं वाईट वाटलं होतं, पावसात तो फार देखणा दिसायचा. आता त्या पांढऱ्या दिव्याकडं बघताना थोडं वेगळं वाटतं.

एवढं सगळं मी आईला सांगितलं. म्हणजे इतकं नाही, पण डार्करूमऐवजी देवघराचं दार लावून घेतलं, लाल पेपर तिच्या हातात दिला आणि खडा पेटवून दाखवला. ती खूप वेळ बघत होती. “अय्या, आतनंच येतंय की गं,” म्हणाली. मी म्हटलं आई, खाणीतल्या कितीतरी माणकांपेक्षा हे जास्त शुद्ध आहे, जगातला पहिला लेसर असल्याच खड्यातनं निघालाय. तिनं मान हलवली. मग म्हणाली, “ते सगळं बरोबर असेल. पण मला एवढंच सांग, तुझ्या आजोबांना हे माहीत होतं काय? की त्यांना कुणी फसवलं?” आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजोबांचा पगार काय असेल, त्यांनी किती मोजले असतील, दुकानदारानं काय सांगितलं असेल, ते विचारायला आता कोणी नाही. स्पेक्ट्रोमीटरला खड्यातलं क्रोमियम कळतं, खडा घेताना माणसाच्या मनात काय होतं ते कळत नाही. आईला जे लागलं होतं ते तिथं होतं, आणि ते मला दिवा लावून घालवता आलं नाही. पण पुढच्या लग्नाला तिनं अंगठी घातली. कुणीतरी कौतुक केलं तर म्हणाली, “भट्टीतलं आहे, पण अंधारात पेटतंय.”

हल्ली क्वांटम कॉम्प्युटरचं फार चाललंय, पोरं रील बघून येतात आणि विचारतात. मी त्यांना जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यापासून सुरुवात करून सांगते. जर्मनचं पातेलं घासून चकचकीत केलं की लगेच हवेतल्या ऑक्सिजननं त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, डोळ्याला न दिसणारा, काही नॅनोमीटरचा. तोच अ‍ॅल्युमिना, मामाचा, आजीच्या खड्याचा. बऱ्याच क्वांटम कॉम्प्युटरांच्या चिपवर नेमकं हेच मुद्दाम करतात. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर द्यायचा, थोडा ऑक्सिजन सोडून त्यावर एक-दोन नॅनोमीटरचं ऑक्साइड धरू द्यायचं, वर परत अ‍ॅल्युमिनियम. १.२ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंशाच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम अतिवाहक होतं, विजेला अजिबात अडवत नाही, इलेक्ट्रॉन जोड्या करून फिरायला लागतात, आणि मधली भिंत वीज अडवणारी असूनही त्या जोड्या तिच्यातून आरपार जातात. हे होणार असं केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसननं १९६२ मध्ये गणितानं सांगितलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा, अजून विद्यार्थीच. आणि हाताला लागेल एवढ्या सर्किटमध्ये सुद्धा क्वांटमचे नियम चालतात हे ज्यांनी ऐंशीच्या दशकात प्रयोगानं दाखवलं त्या क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं नोबेल मिळालं. त्या भिंतीत एखादा चुकीचा अणू, थोडा ओलावा, जराशी घाण राहिली तर चिपमधली नाजूक क्वांटम अवस्था वेळेआधी मोडते. आज जगभरचे हुशार लोक याच्याशी झगडताहेत, आणि झगडा आहे अ‍ॅल्युमिनियमच्या स्वच्छतेचा.

हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा, जांबोटीच्या पुढचा, रोज बसनं येतो, उठून म्हणाला, “मॅडम, मग आमच्या सड्यावरच्या दगडातनं माणिक काढाय येईल काय?” वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटलं तत्त्वतः येईल. पण कारखान्यातून निघालेल्या पावडरमध्ये सोडियम राहतं, सफायरला निदान ९९.९९ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिना लागतो, त्या शेवटच्या दोन नऊंसाठी वेगळीच मेहनत, आणि मग दोन हजार अंशाची भट्टी. तो म्हणाला, “भट्टी सोडा. स्फटिक करून तर बघू की.”

मग आम्ही तुरटीवर आलो. तुरटीतही अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि तिच्यात थोडी क्रोम तुरटी मिसळली की क्रोमियमचे अणू काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागा घेतात, माणकात घेतात तसेच, फक्त इथं भोवती पाण्याचे रेणू असतात म्हणून रंग लाल न येता जांभळा येतो. पेटणार मात्र नाही, ते पाण्याचे रेणू ऊर्जा खाऊन टाकतात, हे मी आधीच सांगितलं, तरी पोरांना ते स्वतः बघायचंच आहे, लेसर पॉइंटर दप्तरात तयार आहे. पहिला स्फटिक गढूळ झाला, कारण लवकर व्हावा म्हणून कुणीतरी बीकर उन्हात ठेवला होता. दुसऱ्यात तळाला नुसती खर साठली. आता बीज नायलॉनच्या धाग्याला बांधून मधोमध सोडलंय, बीकर कोपऱ्यातल्या कपाटात, वर गाळणकागद. ते काम जांबोटीवाल्याकडं आहे. वाऱ्यानं पाणी असमान उडतं म्हणून प्रॅक्टिकलच्या वेळी सुद्धा तो कुणाला पंखा लावू देत नाही, स्विचबोर्डावर त्यानं कन्नड, मराठी आणि इंग्लिशमध्ये चिठ्ठी चिकटवलीय. मार्च आहे, लॅबमध्ये अंग घामानं चिंब होतं, प्रिन्सिपॉल सर येऊन चिठ्ठी वाचून गेले. पंखा बंदच आहे.